वेड्यावाकड्या शंखाची कुळकथा

दिवाळी सरली की तुळशीच्या लग्नाची गडबड सुरू होते. ज्या घरच्या देवघरात शाळिग्राम आहे, तेथे त्या दिवशी तोच नवरदेव. नेपाळातील गंडकीच्या पात्रातून आलेला हा काळा, गुळगुळीत गोटा त्यातील चक्रामुळे विष्णूचे रूप ठरला. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने ते चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाचा ठसा. माकूल आणि ऑक्टोपस यांचा हा दूरचा भाऊबंद केव्हाच नामशेष झाला. श्रद्धाळू आणि वैज्ञानिक यांचे इतर बाबतींत काहीही मतभेद असोत, चक्र देखणे असते याबद्दल दोघांचे एकमत व्हावे. आत बारीक, बाहेर रुंद होत जाणारे, एकाच पातळीत फिरणारे त्याचे वेढे. युरोपातल्या लोकांना त्यात इजिप्तच्या आमोन देवाची मेंढ्यासारखी शिंगे दिसली आणि त्यावरून अमोनाइट हे नाव पडले. जपान्यांना त्यात शेवंतीचे फूल दिसले. त्यांच्या भाषेत हा 'किकुइशी', म्हणजे शेवंतीचा दगड.

या लेखात ज्या अमोनाइटाची हकीकत सांगायची आहे, त्याला असे चक्रच नाही. मुठीत मावेल एवढा हा जीवाश्म प्रथम पाहणाऱ्याला दोरीचा गुंता वाटतो. एक जाडसर, कंगोरेदार नळी डावीकडे वळते, परत फिरते, उजवीकडे जाते, पुन्हा मागे येते आणि अखेरीस स्वतःभोवतीच गुरफटून बसते. त्याचे नाव निप्पोनाइटिस. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, तो आजच्या जपानच्या परिसरातील समुद्रात राहत होता. १९०४ मध्ये त्याला नाव मिळाले तेव्हा जगात त्याचा एकच नमुना ठाऊक होता. हा नमुना म्हणजे नवी प्रजाती की जन्मतः बिघडलेला एखादा दुर्दैवी प्राणी, हा प्रश्न त्यावेळी उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर कसकसे मिळत गेले, हा जीवाश्मशास्त्राच्या इतिहासातील मोठा उद्बोधक भाग आहे.

आकारावरून कूळ

'प्रजाती' हा शब्द आपण बोलताना सैलपणे वापरतो. वैज्ञानिक परिभाषेत एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. आंबा ही जाती, तर 'मँजिफेरा' ही तिची प्रजाती. जिवंत प्राण्यांच्या बाबतीत शरीररचना, प्रजनन, आता जनुके असे अनेक पुरावे हाताशी असतात. अमोनाइटाचे मऊ शरीर मात्र कुजून गेलेले असते. उरते ते कवच, आणि बहुतेक वेळा तेही अर्धेमुर्धे.

या कवचात वाचण्यासारखे पुष्कळ असते. त्याचा आतला भाग पडद्यांनी कप्प्या-कप्प्यांत विभागलेला असतो. प्राणी राही तो शेवटच्या, मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे वायूने भरून कवच तरंगते ठेवण्याच्या कामी येत. कप्पे आणि कवचाची भिंत जिथे सांधली जाते, तिथे नक्षीदार शिवणरेषा उमटते. फर्नच्या पानासारख्या कातरलेल्या या रेषेची घडण घराण्यागणिक वेगळी असते आणि म्हणून ती कुळाची निशाणी मानली जाते. याखेरीज कंगोरे, गाठी, वेढ्याचा छेद, आणि अगदी सुरुवातीच्या बाल्यावस्थेतील वेढे हेही पाहावे लागतात.

१७८९ मध्ये ब्रूगिएर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 'अमोनाइटिस' ही प्रजाती मांडली आणि पुढची पाऊणशे वर्षे वेढेदार अमोनाइट बहुतांशी त्याच एका नावाखाली गोळा होत राहिले. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ट झ्यूस यांनी त्यातून वेगळ्या प्रजाती काढायला सुरुवात केली. त्यानंतर वाटण्या जोरात झाल्या. भारतातील जीवाश्मांचाही त्यात वाटा होता. कच्छमधल्या ज्युरासिक अमोनाइटांवरचे व्हिल्हेल्म वागेन यांचे काम १८७० च्या दशकात कोलकात्याहून निघणाऱ्या 'पॅलिओंटोलॉजिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्यांचे वेढे सुटलेले, त्यांची वर्गवारी फार आधीच केवळ आकारावरून झाली होती. सरळ काठीसारखा तो बॅक्युलाइटिस आणि मनोऱ्यासारखा चढत जाणारा तो टरिलाइटिस. ही दोन्ही नावे लामार्क यांची, अनुक्रमे १७९९ आणि १८०१ मधली. आकड्यासारखा वाकलेला तो हॅमाइटिस, होडीच्या घाटाचा तो स्कॅफाइटिस. ही नावे १८११ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी दिली. कंपवाताला ज्यांचे नाव मिळाले, तेच हे लंडनचे डॉक्टर. या नावांची सोय अशी, की दगड हातात घेताच खण ठरे. गैरसोय अशी, की एकसारखा दिसणारा आकार दोन वेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उपजू शकतो आणि एकाच घराण्यातील दोन सख्खे भाऊ दिसायला अगदी भिन्न असू शकतात. निप्पोनाइटिस या चौकटीत आला तेव्हा त्याच्यासाठी खणच नव्हता.

कोळशाच्या शोधात

होक्काइदो हे जपानचे उत्तरेकडील मोठे बेट. त्याचे जुने नाव एझो. तेथे आइनू लोकांची वस्ती होती. मेजी राजवटीने १८६९ मध्ये बेटाचे नाव बदलले, तेथे वसाहत करायला घेतली आणि पाठोपाठ खनिजांचा शोध सुरू केला. त्यासाठी बोलावलेल्या परदेशी तज्ज्ञांत बेंजामिन स्मिथ लायमन हे अमेरिकन भूवैज्ञानिक होते. जपानला जाण्यापूर्वी, १८७० मध्ये, त्यांनी ब्रिटिश सरकारसाठी पंजाबातील खनिज तेलाची पाहणी केली होती. होक्काइदोत त्यांना हवा होता कोळसा. तो मिळालाच, आणि त्या शोधात नदीकाठच्या खडकांतून अमोनाइटही हाती येऊ लागले.

होक्काइदोच्या मध्यभागातून उत्तर-दक्षिण पसरलेल्या या सागरी थरांना आज 'एझो समूह' म्हणतात. बेटाचे पुसले गेलेले नाव भूविज्ञानात असे टिकून राहिले. थर मुख्यतः गाळाच्या मऊ खडकाचे, पण त्यांत जागोजागी चुनखडीयुक्त टणक गोळे असतात. मेलेल्या प्राण्याभोवती गाळातच चुना साकळून असे गोळे तयार होतात आणि वरच्या थरांच्या भाराखाली बाकी गाळ चेपला, तरी गोळ्याच्या आतले कवच चेपत नाही. नद्या काठ कोरत जातात, गोळे पात्रात घरंगळतात आणि हातोड्याच्या घावाने फोडले की आतला अमोनाइट जसाच्या तसा बाहेर येतो. निप्पोनाइटिससारख्या नाजूक, गुंतागुंतीच्या कवचाची कथा सांगता येते, ती या गोळ्यांमुळे. तेच कवच चेपट्या शेलमध्ये सापडले असते, तर त्याची वळणे कोणालाच उलगडली नसती.

टोकियो विद्यापीठात भूविज्ञान शिकवायला आलेले जर्मन प्राध्यापक एडमंड नाउमान यांनी १८८० मध्ये होक्काइदोत क्रिटेशस थर असल्याचे मांडले. त्यानंतर योकोयामा माताजिरो यांनी १८९० मध्ये आणि जिंबो कोतोरा यांनी १८९४ मध्ये तेथील जीवाश्मांवर लिहिले. दोघांनीही लिहिले ते जर्मन भाषेत आणि ते छापले गेले जर्मनीत. दगड जपानचा, अभ्यासक जपानी, पण त्याची नोंद व्हायची ती युरोपात.

नव्या अभ्यासकापुढे तुलनेसाठी ग्रंथ कोणते होते, हे आपल्या दृष्टीने विशेष आहे. क्रिटेशस अमोनाइटांचा आशियातील सर्वांत तपशीलवार अभ्यास तोवर झाला होता तो दक्षिण भारतात. पाँडिचेरी, तिरुचिरापल्ली आणि अरियलूर भागातील नमुन्यांवर एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४६ मध्ये लंडनमध्ये लिहिले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला आलेल्या मोराव्हियाच्या फर्डिनांड स्टोलिचका यांनी १८६० च्या दशकात कोलकात्यात बसून त्यांचे सविस्तर वर्णन केले. हे स्टोलिचका पुढे १८७४ मध्ये यारकंद मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारले. नंतर व्हिएन्नाच्या फ्रान्झ कोसमात यांनी १८९५ ते १८९८ या काळात त्याच दक्षिण भारतीय जीवाश्मांची नव्याने मांडणी केली. होक्काइदोचे अमोनाइट या भारतीय अमोनाइटांशी इतके मिळतेजुळते निघाले, की दोन्ही प्रदेशांतील समुद्र त्या काळी एकमेकांना जोडलेले असल्याचे स्पष्ट झाले. टोकियोत बसून होक्काइदोचा दगड ओळखायचा, तर अरियलूरची पाने उलटावी लागत.

एकुलता एक नमुना

१९०४ साली याबे हिसाकात्सु जेमतेम पंचविशीत होते. टोकियोच्या शाही विद्यापीठात शिकलेल्या या तरुणाने होक्काइदोच्या क्रिटेशस अमोनाइटांवरचा आपला प्रबंध दोन भागांत, इंग्रजीत, पण टोकियोतल्याच विद्यापीठीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दुसरा भाग १५ ऑक्टोबर १९०४ रोजी आला. रशियाशी युद्ध चालू होते. त्या भागात एका नव्या प्रजातीचे वर्णन होते : निप्पोनाइटिस मिराबिलिस. 'निप्पोन' म्हणजे जपान, 'आइटिस' हा दगडाच्या नावांना लागणारा जुना प्रत्यय, आणि लॅटिनमध्ये 'मिराबिलिस' म्हणजे अद्भुत.

एका नमुन्यावरून नवी जाती सांगणे नवे नव्हते. जीवाश्मांच्या बाबतीत ते नेहमीच घडते. पण एका नमुन्यावरून, तेही इतक्या विचित्र नमुन्यावरून, नवी प्रजाती उभी करणे धाडसाचे होते. अमोनाइटांच्या कवचांत जखमा भरून आल्याच्या खुणा दिसतात, परजीवींमुळे किंवा शत्रूच्या हल्ल्यामुळे वाढ वाकडी झालेली उदाहरणे ठाऊक असतात. त्यामुळे हा एखादा बिघडलेला प्राणी असावा, ही शंका घेणारे अडाणी नव्हते. आजच्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेतही विकृत नमुन्याला विकृत म्हणूनच दिलेले नाव ग्राह्य धरले जात नाही. कारण नाव जातीचे असते, अपघाताचे नव्हे.

याबे यांचा आधार होता तो नमुन्यातील नियमितपणा. त्यांनी नळीचा माग सुरुवातीपासून मुखापर्यंत काढला. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळणे एकाआड एक दोन्ही बाजूंना पडत होती. जखमी कवचात एका ठिकाणी धक्का बसतो आणि तेथून पुढे सगळे बिनसते. या कवचात बिनसण्याची अशी जागाच नव्हती. कंगोऱ्यांची लय अखेरपर्यंत सुटलेली नव्हती. जे वाकडे होते ते ठरल्याप्रमाणे वाकडे होते.

हा युक्तिवाद पटण्याजोगा खरा, पण अपुरा. एकाच नमुन्यातील लय ही नियमाची खूण असू शकते, नियमाची सिद्धता नव्हे. दुसऱ्या नमुन्यात तीच वळणे त्याच क्रमाने मिळेपर्यंत शंकेला जागा राहणारच होती.

वंशाचे म्हातारपण

शंकेमागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती दगडात नसून पाहणाऱ्यांच्या मनात होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन अभ्यासक अल्फियस हायट यांनी असा विचार रुजवला, की व्यक्तीप्रमाणे वंशालाही बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते. अमोनाइटांचे वेढे सुटणे, कवच सरळ किंवा वेडेवाकडे होणे ही त्यांना वंशाच्या म्हातारपणाची लक्षणे वाटत. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अमोनाइट नष्ट झाले हे माहीत होतेच. मग त्याआधीचे हे सुटे, वाकडे आकार म्हणजे मरणाऱ्या घराण्याची अखेरची भ्रमिष्टता, असे म्हणणे सोपे होते. विसाव्या शतकाच्या मध्यावरही ओटो शिंडेवोल्फ यांच्यासारखा मोठा जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ या आकारांकडे ऱ्हासाची अवस्था म्हणून पाहत होता.

या चौकटीत निप्पोनाइटिसला सुटकाच नव्हती. तो व्यक्ती म्हणून विकृत नसेल, तर वंश म्हणून विकृत ठरणार. प्रजाती मान्य झाली, तरी ती रोगट प्रजाती. वर्गीकरण वरवर निव्वळ नावे देण्याचे काम वाटते. पण कशाला सामान्य म्हणायचे आणि कशाला बिघाड, याचा निवाडा त्यात आधीच होऊन बसलेला असतो.

हा विचार मोडून काढण्यात जर्मनीच्या योस्ट वीडमान यांचा वाटा मोठा. १९६९ मध्ये त्यांनी विषमाकार अमोनाइटांचा एकत्रित आढावा घेतला. वेढे सुटणे हा एकेरी मार्ग नाही, सुटलेल्या वेढ्यांच्या घराण्यांतून पुन्हा बंद वेढ्यांचे अमोनाइट निपजलेले आहेत, हे त्यांनी दाखवले. शिवाय हे आकार अमोनाइटांच्या अंताच्या कितीतरी कोटी वर्षे आधीपासून सुखाने नांदत होते. निप्पोनाइटिसचेच पाहा. त्याच्या काळानंतर अमोनाइट आणखी दोन कोटी वर्षे जगले. याला मृत्युशय्या म्हणता येत नाही.

दुसरा, तिसरा, शंभरावा

शंकेचे खरे उत्तर मिळाले ते नदीच्या पात्रांतून. पुढच्या काही दशकांत होक्काइदोत आणि सखालिन बेटावर तशीच वळणे असलेले नमुने सापडत गेले. १९२९ मध्ये कावादा यांनी सखालिनच्या नावाने एक जातीही मांडली. अपघात पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने, शेकडो मैलांवर घडत नाही. निप्पोनाइटिस ही प्रजाती आहे, याबद्दल मग वाद उरला नाही.

पण प्रजाती आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला : तिचे कूळ कोणते? येथे क्यूशू विद्यापीठाचे मात्सुमोतो तात्सुरो यांचे काम महत्त्वाचे. क्रिटेशस अमोनाइटांवर त्यांनी आयुष्य वेचले. होक्काइदोत गोळे फोडणाऱ्या स्थानिक संग्राहकांशी त्यांचे सहकार्य होते. १९६७ मध्ये निप्पोनाइटिस बॅकस ही दुसरी जाती त्यांनी मुरामोतो यांच्यासह मांडली. त्याच वर्षी त्यांनी नोस्टोसेराटिडी या कुळाच्या उत्क्रांतीचा आराखडा दिला आणि निप्पोनाइटिसचे घर त्या कुळात निश्चित केले. हे कूळ हायट यांनीच १८९४ मध्ये स्थापलेले, हा एक योग.

याच कुळात मात्सुमोतो यांनी यूबोस्ट्रायकोसेरास ही प्रजाती वेगळी काढली. तिचे कवच मळसूत्रासारखे, सुटसुटीत पेचदार. तिची जपानी जाती मुळात याबे यांनीच १९०४ मध्ये निराळ्या नावाने वर्णिली होती. कंगोरे, कवचाचा पोत, थरांतील क्रम हे सारे जुळवून पाहता निप्पोनाइटिसचा सर्वांत जवळचा नातलग हाच, किंबहुना पूर्वज याच गटातला, हे पुढे स्पष्ट झाले. मात्सुमोतो यांनी या प्रजातीसाठी नमुना म्हणून जी जाती निवडली तिचे नाव 'इंडोपॅसिफिकम'. स्टोलिचका यांच्या अरियलूरपासून याबे यांच्या होक्काइदोपर्यंतचा समुद्र त्या एका नावात आला आहे.

आकारावरून कूळ ठरवण्याची जुनी रीत येथे पुरती उलटी झाली. स्क्रूसारखा सरळ पेच आणि दोरीचा गुंता यांत दिसण्यात काहीच साम्य नाही. नाते मात्र अगदी जवळचे. १९७७ मध्ये अमेरिका खंडातूनही निप्पोनाइटिसची नोंद झाली. जपानच्या नावाची प्रजाती पॅसिफिकच्या दोन्ही काठांची निघाली.

गुंत्यातला नियम

आता एकच कोडे उरले होते. पेचदार पूर्वजापासून हा गुंता झाला कसा? १९६६ मध्ये डेव्हिड राउप या अमेरिकन शास्त्रज्ञाने कवचाच्या वेढ्यांचे गणित मांडले होते. स्थिर अक्षाभोवती फिरणारी आणि रुंद होत जाणारी नळी कल्पून, दोन-चार संख्या बदलत त्यांनी गोगलगायीपासून शिंपल्यापर्यंतचे आकार काढून दाखवले. पण निप्पोनाइटिसला स्थिर अक्षच नाही.

ओकामोतो ताकाशी यांनी १९८८ आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बाहेरचा अक्ष सोडून दिला. ते नळीच्या मुखाशी जाऊन बसले. वाढणाऱ्या प्राण्याला अक्ष ठाऊक नसतो. त्याला मुखाच्या कडेशी कवचाची पुढची पट्टी घालायची असते, एवढेच. म्हणून क्षणोक्षणी नळी किती रुंदावते, किती वळते आणि किती पिळते, या तीन गोष्टी त्यांनी संगणकात घातल्या. शिवाय तरंगणाऱ्या कवचाचा तोल दर टप्प्याला कसा बदलेल आणि मुख कोणत्या दिशेला येईल, हेही मोजले.

त्यातून जे निघाले ते साधे आहे. डावा पेच, सपाट वेढा आणि उजवा पेच अशा तीनच वाढीच्या तऱ्हा धरायच्या. मुख ठरावीक मर्यादेपेक्षा वर गेले की एक तऱ्हा सोडायची, मर्यादेपेक्षा खाली गेले की दुसरी धरायची. एवढ्या नियमावर संगणकाच्या पडद्यावर निप्पोनाइटिस उभा राहिला, याबे यांच्या नमुन्यातील वळणांसह. प्राणी आपले तोंड सोयीच्या कोनात ठेवण्यासाठी सतत दिशा सुधारत होता. गुंता ही त्या सुधारणांची नोंद होती. मर्यादांचे आकडे थोडे बदलले की त्याच नियमातून यूबोस्ट्रायकोसेरासचा सरळ पेच येतो. दोन आकारांच्या मधल्या पायऱ्या खडकांत का दिसत नाहीत, याचाही उलगडा त्यात झाला. नियम किंचित हलतो, पण आकार एकदम उडी घेतो.

म्हणजे याबे यांनी नुसत्या डोळ्यांनी जी लय पाहिली होती, ती खरी होती. शंका घेणाऱ्यांची शंकाही रास्त होती आणि तिच्यामुळेच पुढचे नमुने इतक्या काळजीने तपासले गेले. चुकीचे होते ते फक्त चक्र म्हणजे निरोगी आणि गुंता म्हणजे रोगी हे गृहीतक.

याबे पुढे सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात गेले, जपानच्या भूरचनेवर त्यांनी मूलभूत काम केले आणि दीर्घ आयुष्य जगून १९६९ मध्ये वारले. वीडमान यांचा आढावा आला तो त्याच साली. १९०४ चा तो मूळ नमुना आज टोकियो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. निप्पोनाइटिस कशाला म्हणायचे असा वाद कधी उद्भवला, तर शेवटचा शब्द त्या मुठीएवढ्या दगडाचा. जपानच्या जीवाश्मशास्त्र परिषदेने २०१८ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस 'जीवाश्म दिन' म्हणून पाळायला सुरुवात केली, कारण त्या दिवशी हे नाव प्रथम छापले गेले. आपल्याकडे दिवाळी साधारण त्याच सुमारास येते. यंदा तुळशीच्या लग्नात शाळिग्रामाचे चक्र पाहताना त्याच्या या वेड्यावाकड्या भाऊबंदाचीही आठवण असू द्यावी.